पुसलेल्या टेपा आणि जपलेला आवाज

'फॅन' हा शब्द आपण जरा चेष्टेनेच वापरतो. होस्टेलच्या प्रत्येक विंगमध्ये एक तरी असा सापडतो, की ज्याला कुठला सीन कितव्या सीझनच्या कितव्या भागात आहे हे तोंडपाठ असतं आणि थर्मोडायनॅमिक्सचा पहिला नियम मात्र व्हायवात आठवत नाही. रेक्टरांपासून मेसच्या मावशींपर्यंत सगळे त्याला एकच प्रश्न विचारतात, "याचा उपयोग काय?" या प्रश्नाला एक उत्तर आहे. ते इंग्लंडमधलं आहे, पण त्यात टेप रेकॉर्डर आहे, पाल सिग्नल आहे, फेज आणि अॅम्प्लिट्यूड आहेत. तेव्हा निदान ईएनटीसीवाल्यांनी तरी पान उलटू नये.

२३ नोव्हेंबर १९६३ रोजी, शनिवारी संध्याकाळी, बीबीसीवर 'डॉक्टर हू' नावाची मालिका सुरू झाली. कल्पना भन्नाट. 'डॉक्टर' एवढंच नाव असलेला एक माणूस निळ्या रंगाच्या पोलिस बॉक्समधून काळातून आणि अंतराळातून फिरतो. बॉक्स बाहेरून आपल्या पीसीओच्या खोक्याएवढा, आतून अवाढव्य. 'डालेक' नावाचे धातूच्या डब्यातले शत्रू आले आणि इंग्लंडची पोरं सोफ्यामागे लपून टीव्ही बघू लागली. १९६६ साली मुख्य नट विल्यम हार्टनेल यांची तब्येत साथ देईना, तेव्हा लेखकांनी तोड काढली: डॉक्टर मरत नाही, त्याचं शरीर बदलतं. पॅट्रिक ट्राउटन नवे डॉक्टर झाले. मालिका इतकी वर्षं टिकण्याचं अर्धं गुपित या एका युक्तीत आहे.

आता गंमत बघा. ज्या भागात डॉक्टर पहिल्यांदा बदलतो, तो 'द टेन्थ प्लॅनेट'चा चौथा भाग आज बघायला मिळत नाही. त्याच्या पुढच्या कथेचे सहाच्या सहा भाग मिळत नाहीत. १९६३ ते १९६९ या काळात एकूण २५३ भाग झाले. त्यातले ९७ भाग २०१३ सालच्या मोठ्या शोधानंतरही बेपत्ताच होते. आग लागली नाही, पूर आला नाही, चोरीही झाली नाही. ते रीतसर पुसले गेले.

कारण समजून घेतलं तर बीबीसीचा फार राग येत नाही. कार्यक्रम दोन इंच रुंदीच्या चुंबकीय टेपवर व्हायचे. टेप महाग होती आणि पुसून परत वापरता यायची, हाच तर तिचा गुण! नटांच्या युनियनशी झालेल्या करारांमुळे जुने भाग हवे तेव्हा परत दाखवता येत नव्हते. घरोघरी व्हीसीआर यायला अजून बराच अवकाश होता, त्यामुळे जुना कार्यक्रम कुणी विकत घेईल हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. शिवाय रंगीत टीव्ही आल्यावर कृष्णधवल मालिका बघणार कोण? म्हणून इंजिनिअरिंग विभागाने टेपा पुसल्या. आपल्या लॅबमध्ये नवीन बॅच आली की मागच्या बॅचचं फोल्डर डिलीट होतं ना, तसंच.

एक वाट मात्र उघडी होती. परदेशांना विकण्यासाठी बीबीसी १६ मिलिमीटरच्या फिल्मवर प्रती काढायची. देशोदेशींच्या टीव्हीची तांत्रिक मानकं वेगळी, पण फिल्मचा प्रोजेक्टर सगळीकडे सारखा. पद्धत अगदी गावठी वाटेल अशी: एका खास मॉनिटरवर कार्यक्रम लावायचा आणि समोर फिल्म कॅमेरा ठेवून त्याचं शूटिंग करायचं. या प्रती जगभर गेल्या. दाखवून झालं की परत पाठवा, पुढच्या देशाला द्या किंवा नष्ट करा, असा नियम. लंडनमध्ये उरलेल्या प्रतीही विक्रीचे हक्क संपले की कचऱ्यात जायच्या. हे १९७८ पर्यंत चाललं. त्या साली इयन लेविन नावाचा एक चाहता, जो व्यवसायाने संगीत निर्माता होता, बीबीसीत जाऊन पोहोचला. डालेकांच्या पहिल्याच कथेचे डबे त्याला नष्ट करायच्या ढिगात बांधून ठेवलेले दिसले. ते वाचले. त्याच सुमारास बीबीसीने जुन्या कार्यक्रमांसाठी संग्रह निवडणारा अधिकारी नेमला आणि पुसापुशी थांबली.

इथपर्यंतची कथा नुकसानीची. यापुढची कथा पोरांची.

साठच्या दशकात घरी चित्र रेकॉर्ड करणं सामान्य माणसाला अशक्यच होतं. पण स्पूलचा टेप रेकॉर्डर काही घरांत होता. काही शाळकरी चाहते दर शनिवारी टीव्हीच्या स्पीकरसमोर मायक्रोफोन धरून बसायचे आणि घरच्यांना दम भरायचे, "पंचवीस मिनिटं कुणी बोलायचं नाही." तरी कुठे कप वाजायचा, कुठे कुणी खोकायचं, ते सगळं टेपवर आलं. एका पठ्ठ्याने तर मायक्रोफोनच काढून टाकला आणि टीव्हीच्या आतल्या ऑडिओ सर्किटमधून थेट वायर ओढली. आवाज एकदम स्वच्छ. (हा प्रयोग कुणी करू नये. त्या काळच्या बऱ्याच व्हॉल्व्हच्या टीव्हींना आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नसायचा, चासी थेट मेन्सला जोडलेली असायची. प्लगची पिन उलटी गेली की चासीवर पूर्ण मेन्सचं व्होल्टेज.)

परिणाम असा, की बेपत्ता भागांपैकी एकाही भागाचा आवाज हरवलेला नाही. एकूण एक भागाचा साउंडट्रॅक शिल्लक आहे आणि तो सरकारने, कंपनीने किंवा विद्यापीठाने जपला नाही. आपापल्या घरात बसून, एकमेकांना न ओळखणाऱ्या मोजक्या मुलांनी जपला. पुढे मार्क एअर्स यांच्यासारख्या जाणकारांनी एकाच भागाची वेगवेगळी रेकॉर्डिंग शेजारी ठेवून, जिथे एकात खरखर तिथे दुसऱ्याचा तुकडा, असं करत साउंडट्रॅक स्वच्छ केले आणि बीबीसीने ते सीडीवर विकले. ज्या संस्थेने टेपा पुसल्या, तिनेच चाहत्यांच्या टेपांवरून सीडी काढल्या. याला काय म्हणायचं ते वाचकांनी ठरवावं.

चित्राची सोय एका फोटोग्राफरने केली होती, तीसुद्धा धंद्यापायी. जॉन क्युरा नावाचे हे गृहस्थ चालू टीव्हीच्या पडद्याचे फोटो काढायचे, एका भागाचे साधारण साठ-सत्तर. गिऱ्हाईक म्हणजे नट आणि दिग्दर्शक, कारण आपण काय काम केलं याचा दुसरा पुरावाच त्यांच्याकडे नसायचा. नव्वदच्या दशकात चाहत्यांनी हे फोटो आणि तो आवाज एकत्र जुळवून व्हीएचएसवर पूर्ण भाग उभे केले. रिकामी कॅसेट आणि परतीचं पोस्टेज पाठवा, भरून मिळेल, नफा शून्य. २००६ साली 'द इन्व्हेजन' या कथेच्या दोन हरवलेल्या भागांचं चक्क अॅनिमेशन झालं आणि २०१६ मध्ये 'द पॉवर ऑफ द डालेक्स'च्या सहाही भागांचं. पात्रं नवी काढलेली, पण आवाज मूळ नटांचा, त्या टेपांवरचा.

सगळ्यात विनोदी वाटा ऑस्ट्रेलियाच्या सेन्सॉरचा. तिकडे मुलांना भीती वाटेल असे तुकडे कापून ठेवायचे. १९९६ मध्ये दोन चाहत्यांनी तिथलं राष्ट्रीय अभिलेखागार धुंडाळलं, तर कापलेले तुकडे व्यवस्थित नोंद करून ठेवलेले! म्हणजे काही भागांतलं जे दाखवायचं नाही म्हणून कापलं, नेमकं तेवढंच हलतं चित्र आज शिल्लक आहे.

आता खऱ्या इंजिनिअरिंगकडे येऊ. १९७० नंतरचे भाग रंगीत झाले. जॉन पर्टवी या तिसऱ्या डॉक्टरचे सगळे भाग आज आहेत, पण मूळ रंगीत टेपा पुसल्यामुळे काही फक्त कृष्णधवल फिल्मवर उरले होते. रंग कुठून आणणार?

पहिला उपाय १९९२ चा. 'द डीमन्स' ही १९७१ ची कथा पुढे अमेरिकेत रंगीत दाखवली गेली होती आणि तिकडच्या एका चाहत्याने ती घरच्या बीटामॅक्सवर भरून ठेवली होती. चित्र धुरकट, रंग मात्र आहेत. इकडे फिल्म रेखीव, पण रंग नाहीत. मग फिल्ममधून ल्युमिनन्स घेतला, बीटामॅक्समधून क्रोमिनन्स, आणि दोन्ही एकमेकांवर बसवले. हे चालतं, कारण आपल्या डोळ्याला उजेड-अंधाराचे बारकावे नीट दिसतात, रंगाचे बारकावे फारसे दिसत नाहीत. जेपेगमध्ये रंगाची माहिती कमी ठेवून फाइल लहान करतात ते याच जोरावर. ऐकायला सोपं, करायला नाही. अमेरिकेचा सिग्नल एनटीएससी, सेकंदाला तीस फ्रेम, इंग्लंडचा पाल, पंचवीस. शिवाय मॉनिटरवरून फिल्म काढताना चित्र कडेला वाकडं झालेलं. तेव्हा एका चित्राला दुसऱ्याच्या मापात ताणून बसवावं लागलं.

दुसरा उपाय माझ्या मते या सगळ्या कथेतला सर्वोत्तम. पालमध्ये रंगाची माहिती सुमारे ४.४३ मेगाहर्ट्झच्या सबकॅरियरवर चढवलेली असते: फेजमध्ये रंग कोणता, अॅम्प्लिट्यूडमध्ये तो किती गडद. कृष्णधवल मॉनिटरवर हा सबकॅरियर बारीक ठिपक्यांच्या जाळीसारखा दिसतो. फिल्म काढताना फिल्टर लावून ही जाळी घालवायला हवी होती. कित्येकदा ती घालवलीच नाही. म्हणजे काळ्या-पांढऱ्या फिल्मवर रंगाचा सिग्नल ठिपक्यांच्या रूपात चाळीस वर्षं झोपून होता! बीबीसीतल्या जेम्स इन्सेल यांना हे सुचलं, रिचर्ड रसेल या इंजिनिअरने सॉफ्टवेअर लिहिलं.

अडचण कुठे आली, हे कम्युनिकेशनचा पेपर दिलेल्याला लगेच कळेल. फेज मोजायची तर कशाच्या तुलनेत? रेफरन्स देणारा कलर बर्स्ट हा प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला, दिसणाऱ्या चित्राच्या बाहेर असतो. कॅमेऱ्याने फक्त चित्र टिपलं, बर्स्ट फिल्मवर आलाच नाही. त्यातून फिल्म आकसलेली, चित्र वाकलेलं, त्यामुळे ठिपके जागचे हललेले. आधी भूमिती सरळ करायची, मग रेफरन्स तर्काने शोधायचा, उत्तरं एकाहून जास्त निघाली तर योग्य कोणतं ते ठरवायचं. डिसेंबर २००८ मध्ये 'डॅड्स आर्मी' या विनोदी मालिकेचा एक भाग या पद्धतीने रंगीत करून दाखवला गेला. 'डॉक्टर हू'मध्ये 'द माइंड ऑफ ईव्हिल'च्या सहापैकी पाच भागांचे रंग असेच परत आले आणि २०१३ मध्ये ती कथा रंगीत डीव्हीडीवर आली. पहिल्या भागात ठिपके वापरण्यासारखे नव्हते, तो हाताने रंगवावा लागला.

हे करणारे लोक पगारी होते की फॅन? बरेचसे दोन्ही होते. दिवसा टीव्हीच्या तंत्र विभागात नोकरी आणि उरलेल्या वेळात हे वेड. ज्याला फक्त वेड आहे त्याला मशीन मिळालं नसतं. ज्याला फक्त नोकरी आहे तो बर्स्ट नाही म्हटल्यावर फाइल बंद करून घरी गेला असता.

असं नुकसान आपल्याकडे झालं नाही, असं समजू नका. 'आलम आरा' या १९३१ च्या आपल्या पहिल्या बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. कित्येक जुन्या फिल्म तर त्यातली चांदी काढायला विकल्या गेल्या. आणि आपल्याकडेही वाचवणारा एक फॅनच होता. पी. के. नायर केरळचे, पोरवयात सिनेमाची वापरलेली तिकिटं जमवायचे. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं. तिथे त्यांनी आयुष्य घातलं आणि फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र' व 'कालिया मर्दन'चे उरलेसुरले रीळ मिळवून ठेवले. २०१२ सालचा 'सेल्युलॉइड मॅन' हा माहितीपट त्यांच्यावर आहे, फिल्म क्लबने तो जरूर दाखवावा. मिळवलेलं टिकेलच याची मात्र खात्री नसते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच नायट्रेट फिल्मचा मोठा साठा आगीत गेला. नायट्रेट स्वतःच ऑक्सिजन पुरवत जळतं, पाणी मारूनही आवरत नाही.

इंग्लंडमधला शोध नंतरही चालू राहिला. १९८३ मध्ये लंडनमधल्या एका चर्चच्या इमारतीत दोन भाग सापडले, १९९२ मध्ये हाँगकाँगहून एका कथेचे चारही भाग परत आले, २०११ मध्ये एका निवृत्त टीव्ही इंजिनिअरने शाळेच्या जत्रेतून घेतलेल्या रिळांत दोन निघाले. खासगी संग्राहक बरेचदा गप्प बसतात, कारण फिल्म जप्त होईल ही भीती.

२०१३ चा शोध सगळ्यात मोठा. फिलिप मॉरिस नायजेरियातल्या जोस शहरी एका टीव्ही रिले केंद्राच्या खोलीत पोहोचले आणि धुळीतल्या डब्यांत नऊ हरवलेले भाग मिळाले. त्यात 'द वेब ऑफ फिअर' ही लंडनच्या भुयारी रेल्वेतली कथा होती. मॉरिस यांच्या म्हणण्यानुसार त्यांनी पाहिलं तेव्हा सहाही भाग तिथे होते, पण फिल्म लंडनला रवाना होईपर्यंत तिसऱ्या भागाचा डबा गायब झाला. पुढे कित्येक वर्षं मालिकेत राहिलेला लेथब्रिज-स्ट्युअर्ट हा लष्करी अधिकारी डॉक्टरला पहिल्यांदा भेटतो तो नेमका याच भागात. आधी तो फोटोंवर विकला गेला, २०२१ मध्ये अॅनिमेशन झालं. आवाज दोन्ही वेळा तोच, १९६८ साली कुणीतरी घरी बसून टेप केलेला.