आजऱ्याचे गवे

मुलांनो, तुम्हांला रानातले प्राणी पाहायला आवडतात ना? मग चला आजऱ्याला! हे गाव कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागात आहे. तेथे रेल्वे जात नाही. मुंबईहून रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघा. सकाळी कोल्हापूर येते. कोल्हापुरात रेल्वे १८९१ साली आली. पुढचा सुमारे ८५ किलोमीटरचा प्रवास एस.टी.ने करा.

आजऱ्याच्या रानात गवा राहतो. काही लोक त्याला रानरेडा म्हणतात. पण तो रेडा नव्हे. रानटी गाईबैलांत तो सर्वांत मोठा आहे. मोठ्या नराचे वजन हजार किलोपर्यंत भरते. त्याचे अंग काळे असते. पण पाय गुडघ्यांखाली पांढरे असतात. जणू त्याने मोजेच घातले आहेत!

गवे पहाटे आणि संध्याकाळी चरायला बाहेर पडतात. त्यांना लांबूनच पाहा. ओरडू नका, दगड मारू नका. घाबरलेला गवा अंगावर धावून येतो.

गवा दिसला की पाहुण्यांना आनंद होतो. शेतकऱ्याला मात्र रात्रभर जागावे लागते. गवे त्याचा ऊस आणि भात खातात. कर्नाटकातून आलेले हत्तीही पिके तुडवतात. वन विभाग भरपाई देतो. पण मेहनतीने वाढवलेले पीक परत येत नाही.

मग उपाय कोणता? रानात चारा आणि पाणी राहिले पाहिजे. रान तोडले, तर प्राणी शेतातच येणार. म्हणून मुलांनो, गवा पाहाल तेव्हा त्या शेतकऱ्यालाही विसरू नका.

शब्दार्थ : भरपाई – नुकसानीबद्दल मिळणारी रक्कम. तुडवणे – पायांखाली चिरडणे.

स्वाध्याय : १. गवा कसा ओळखाल? २. गवे शेतात का येतात?