पत्ता शेवटाकडून वाचा : मुलांसाठी वेबचा पहिला धडा



पाकिटावर पत्ता कसा लिहितो आपण? नाव, घर, लॅम रोड, देवळाली कॅम्प, नाशिक आणि शेवटी पिन ४२२४०१. पण टपाल खातं तो वाचतं शेवटाकडून : आधी पिन, मग गाव, मग घर. वेबचा पत्ताही असाच वाचायचा असतो. मुलांना एवढं जमलं तरी निम्मा धडा झाला म्हणा.

त्याआधी एक गैरसमज दूर करू. इंटरनेट आणि वेब एकच नव्हेत. देवळाली स्टेशनातल्या रुळांवरून एक्स्प्रेस जाते, मालगाडीही जाते. इंटरनेट म्हणजे रूळ. वेब, ईमेल, व्हॉट्सॲप या त्यावरच्या गाड्या. वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत मांडली आणि १९९३ मध्ये सर्नने ती सर्वांना मोफत खुली केली. आपल्या देशात सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ ला.

पान आपल्यापर्यंत येतं कसं? आपण ब्राउझरमध्ये पत्ता टाकतो. डीएनएस नावाची यंत्रणा त्या नावाचा आकडी पत्ता शोधून देते. मग ब्राउझर त्या पत्त्यावरच्या सर्व्हरकडे पान मागतो आणि सर्व्हर ते पाठवतो. म्हणजे प्रत्येक पान कुणाच्या तरी घरून येतं. ते घर कोणाचं, हे पत्त्यात लिहिलेलं असतं.

आता फळ्यावर दोन पत्ते लिहा :

१) महाडीबीटी डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन
२) महाडीबीटी डॉट गव्ह डॉट इन डॉट अमुकतमुक डॉट कॉम

पहिला शिष्यवृत्तीच्या सरकारी संकेतस्थळाचा, दुसरा आपण बनवलेला. मुलांना विचारा, सरकारी कोणता? बरीच मुलं ‘दोन्ही’ म्हणतील, कारण ‘गव्ह डॉट इन’ दोन्हीकडे आहे. इथेच शिकवायचं : सुरुवातीच्या ‘एचटीटीपीएस’पुढच्या दोन तिरक्या रेघा सोडा. त्यानंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेपर्यंतचं नाव घ्या आणि ते शेवटाकडून वाचा. दुसऱ्याचा खरा मालक ‘अमुकतमुक डॉट कॉम’. पुढचं सगळं नुसती सजावट! आणि कुलपाचं चिन्ह? त्याचा अर्थ एवढाच की वाटेत मजकूर कुणाला वाचता येणार नाही. घरमालक प्रामाणिक आहे, असं ते सांगत नाही.

आता गंभीर भाग. व्हॉट्सॲपवर फिरत आलेल्या मजकुराला असा पत्ताच नसतो. पाठवणारा ओळखीचा असतो, मूळ लिहिणारा कोण ते कळत नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावी, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले. त्याच सुमारास आपल्या जिल्ह्यातल्या मालेगावात पोलिसांनी पाच जणांना जमावाच्या हातून सोडवलं. त्या काळात देशभर फिरलेला एक व्हिडिओ तर कराचीतल्या बालसुरक्षेच्या जनजागृतीसाठी केलेला होता. मूल परत आणून सोडल्याचा शेवटचा भाग कुणीतरी कापला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पण खरी मर्यादा आपल्या बोटावर हवी ना?

म्हणून घरी आणि वर्गात एवढं करून बघा. आठवड्यातून एकदा ग्रुपवर आलेला एक संदेश निवडा आणि मुलांना तीन प्रश्न विचारा : हे मुळात कोणी लिहिलं? कधीचं आहे? मूळ पान सापडतं का? उत्तर मिळेपर्यंत तो पुढे जाणार नाही, हा नियम. मोठ्यांनाही तोच! आणि लिंकवरून पैसे गेलेच, तर लाजत न बसता लगेच १९३० या क्रमांकावर फोन करायचा, हेही मुलांना पाठ असू द्या.

निनावी पत्रावर आपण कधी भरवसा ठेवला नाही. निनावी संदेशावर तरी का ठेवायचा?