पोरक्या पिलाचें घर कोणतें?

पहिला पाऊस पडून गेला, कीं आमच्या वर्गांत दरवर्षीं एखादा तरी छोटा पाहुणा येतो. कधीं रुमालांत गुंडाळलेलें बुलबुलाचें पिल्लूं, तर कधीं पुठ्ठ्याच्या पेटींत ठेवलेलें, डोळे न उघडलेलें खारीचें पोर. ज्यानें तें आणलेलें असतें त्याच्या चेहऱ्यावर अभिमान असतो आणि ओठांवर एकच प्रश्न असतो, "गुरुजी, हें मी पाळूं का?" अशा विद्यार्थ्यास नाउमेद करणें आम्हांस आवडत नाहीं, कारण दुबळ्या जिवाची कींव येणें हें चांगल्या मनाचें लक्षण आहे. परंतु कींव आली म्हणजे ज्ञान आलें, असें नव्हे. पिल्लूं उचलण्यास एक क्षण पुरतो. त्यानें पुढें कोठें व कसें जगावें हें ठरविण्यास मात्र पुष्कळ विचार लागतो. तो विचार कसा करावा हें समजावें म्हणून आज आम्ही एक घडलेली हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों. ती आफ्रिकेंतील आहे. परंतु तिच्यांतील धडा आपल्याकडील उंसाच्या फडापर्यंत येऊन पोहोंचतो.

हकीकत

पूर्व आफ्रिकेंतील केनिया देशाच्या उत्तर सरहद्दीवरील प्रांतांत जॉर्ज अॅडमसन हे वन्य प्राण्यांच्या रक्षणाचे अधिकारी होते. सन १९५६ च्या फेब्रुवारी महिन्यांत ते एका नरभक्षक सिंहाच्या मागावर गेले असतां खडकांतून एक सिंहीण अकस्मात् चाल करून आली. प्राण वाचविण्यासाठीं तिला गोळी घालावी लागली. ती पडल्यावर तिच्या दुधानें भरलेल्या सडांकडे त्यांचें लक्ष गेलें, आणि ती एवढ्या त्वेषानें कां धांवून आली याचा उलगडा झाला. आसपास शोध करतां खडकाच्या कपारींत तीन पिलें सांपडलीं. तिन्ही माद्या होत्या, आणि त्यांचें वय अवघें कांहीं दिवसांचें होतें.

जॉर्ज यांनीं तीं पिलें घरीं आणून आपल्या पत्नी जॉय यांच्या स्वाधीन केलीं. आरंभीं पिलें दुधास तोंड लावीनात. पुढें हळूहळू तीं बाटलीनें पिऊं लागलीं. घरांत हायरॅक्स जातीचा, सशाएवढ्या आकाराचा एक पाळीव प्राणी होता. तो या सिंहाच्या छाव्यांवर जणूं दाईसारखी देखरेख करी! तिघींत जी सर्वांत लहान होती, तिचें नांव एल्सा असें ठेवण्यांत आलें.

येथें एक गोष्ट ध्यानांत धरावी. सिंहाच्या पिलास दूध फार तर सहा-आठ महिने लागतें. परंतु आईची गरज सुमारें दोन वर्षें असते. दबा कसा धरावा, वारा कोणत्या बाजूनें वाहतो हें कसें ओळखावें, भक्ष्याचा गळा कोठें धरावा, परक्या सिंहाच्या हद्दींतून केव्हां पाय काढावा, हे सर्व पाठ तें आईच्या व कळपाच्या संगतींत गिरवितें. म्हणून ज्यानें पोरकें पिल्लूं घरीं आणलें, त्याच्यावर केवळ दुधाची नव्हे तर एका अख्ख्या शाळेची जबाबदारी येऊन पडते.

पहिला निर्णय

पिलें वाढूं लागलीं तसें अॅडमसन दांपत्याच्या लक्षांत आलें, कीं तीन सिंहिणी घरीं ठेवणें शक्य नाहीं. तीं सुमारें सहा महिन्यांचीं झालीं तेव्हां दोघी थोरल्या बहिणींस विमानानें हॉलंड देशांतील रॉटरडॅम येथील प्राणिसंग्रहालयांत पाठविण्यांत आलें, आणि एल्सा मागें राहिली.

हा निर्णय निर्दयपणाचा होता असें आम्ही म्हणत नाहीं. संग्रहालयांत वेळेवर अन्न मिळतें, आजारांत वैद्य असतो, शत्रूचें भय नसतें. परंतु सिंहीण ज्या पायांनीं एका रात्रींत कित्येक मैल चालते, ते पाय तेथें भिंतीपाशीं येऊन थांबतात. आयुष्याची हमी आणि आयुष्याचा विस्तार या दोहोंपैकीं पहिली गोष्ट त्या दोघींच्या वांट्यास आली.

दुसरा निर्णय

एल्सा घरांतल्या माणसासारखी वाढली. ती मोटारीच्या टपावर बसून प्रवास करी, मालकांबरोबर फिरावयास जाई, त्यांच्याशीं खेळे. परंतु ती दोन वर्षांची झाली तेव्हां प्रश्न पुन्हा उभा राहिला. बहिणींकडे पाठविणें हा सोपा मार्ग होता. आपल्याजवळच ठेवणें हा मनाला गोड वाटणारा मार्ग होता. अॅडमसन दांपत्यानें तिसरा, सर्वांत कठीण मार्ग पत्करला. माणसाच्या हातीं वाढलेली सिंहीण पुन्हा रानांत राहण्यास शिकवावयाची, असें त्यांनीं ठरविलें.

पहिला प्रयत्न फसला. ज्या भागांत तिला नेलें तेथें ती आजारी पडली व खंगली. तेव्हां जागा बदलून तिला मेरू प्रदेशांतील उरा नदीच्या काठीं आणलें. तेथें धडे सुरू झाले. जॉर्ज प्रथम शिकार करून तिला भक्ष्य देत. पुढें शिकारीचा शेवट तिनें करावा अशी संधि देत. नंतर तिला कांहीं दिवस एकटी सोडून निघून जात आणि परत येऊन पाहात. कित्येकदां ती उपाशी, त्यांची वाट पाहात बसलेली आढळे. ज्यानें एखाद्यास जीव लावला आहे, त्यासच अशा वेळीं मोटार वळवून निघून जाणें किती जड जातें हें ठाऊक! परंतु तसें निघून जाणें हाच त्या शाळेंतील मुख्य पाठ होता. अखेर एल्सा स्वतः शिकार करूं लागली, रानांतील सिंहांत मिसळूं लागली, आणि डिसेंबर १९५९ मध्यें तिला तीन पिलें झालीं. कांहीं आठवड्यांनीं ती आपण होऊन पिलांस घेऊन अॅडमसन यांच्या छावणीवर आली. जॉय यांनीं त्या पिलांस मात्र हातांत घेऊन लाडावलें नाहीं. तीं रानाचींच राहावींत म्हणून त्यांनीं स्वतःचा हात आवरला. आमच्या मतें या सर्व हकीकतींत प्रेमाची मोठी परीक्षा जर कोणती असेल, तर ती हीच.

जॉय यांनीं लिहिलेलें 'बॉर्न फ्री' हें पुस्तक सन १९६० मध्यें प्रसिद्ध झालें आणि एल्सेचें नांव जगभर झालें.

तिसरा निर्णय

येथेंच गोष्ट संपविली तर ती गोड होईल. परंतु अपुरी राहील. सन १९६१ च्या जानेवारींत एल्सा वारली. गोचिडांमुळें होणारा बॅबेसिया नांवाचा रक्ताचा रोग तिला जडला होता. जेस्पा, गोपा व धाकटी एल्सा हीं तिचीं पिलें त्या वेळीं जेमतेम वर्षाचीं होतीं. त्यांचें शिक्षण अर्धवट राहिलें. पोट भरेना, तेव्हां तीं जवळच्या वस्त्यांतील शेळ्यामेंढ्या मारूं लागलीं. ज्या गरीब माणसाची सारी पुंजी म्हणजे चार शेळ्या, त्याला एल्सेच्या कीर्तीचें काय कौतुक असणार? जेस्पाच्या अंगांत तर एक बाण रुतला. शेवटीं अॅडमसन यांनीं मोठ्या खटपटीनें तिन्ही पिलें पिंजऱ्यांत घेतलीं, मोटारीवरून शेंकडों मैल नेलीं, आणि टांगानिका देशांतील सेरेंगेटीच्या राखीव रानांत सोडून दिलीं. त्या अफाट माळावर तीं लवकरच दिसेनाशीं झालीं.

जॉर्ज यांनीं हें काम पुढेंही चालविलें. त्यांत त्यांस यश आलें, तसें दुःखही आलें. सन १९७१ मध्यें त्यांनीं वाढविलेल्या एका सिंहानें त्यांच्याच एका सहायकाचा प्राण घेतला, आणि तो सिंह जॉर्ज यांस आपल्या हातानें गोळी घालून मारावा लागला. माणसाची भीति मोडलेलें जनावर रानांत सोडलें, तर त्याची किंमत कोणा तिसऱ्यासच द्यावी लागण्याचा संभव असतो, हें यावरून दिसून येतें.

आपल्याकडील गोष्ट

आतां आपण आपल्या प्रांतीं येऊं. पुणें जिल्ह्यांत जुन्नरच्या बाजूस उंसाचीं शेतें पुष्कळ आहेत. उंच, दाट, पाण्याजवळचा ऊस बिबट्याच्या मादीस रानासारखाच वाटतो, आणि ती त्यांत पिलें घालते. ऊसतोडणी सुरू झाली, कीं सरींत मांजरांएवढीं पिलें मजुरांच्या दृष्टीस पडतात. आई दिसत नाहीं, म्हणून पाहणाऱ्यास वाटतें, "बिचारीं पोरकीं झालीं!" वस्तुतः आई भक्ष्यासाठीं गेलेली असते, किंवा माणसांच्या गलबल्यामुळें जवळच दबून बसलेली असते. अशीं पिलें उचलून नेलीं तर दोन अनर्थ होतात. पिलांचा जन्म पिंजऱ्यांत जातो. आणि त्यांस शोधणारी आई बिथरून माणसांस धोका उत्पन्न होतो.

म्हणून तेथील वनखातें व पशुवैद्य यांनीं एक साधी रीत अवलंबिली आहे. पिलें तपासावयाचीं, धडधाकट असलीं तर सांजवेळीं एका उघड्या खोक्यांत घालून, जेथें सांपडलीं तेथेंच ठेवावयाचीं, आणि सर्व माणसांस दूर न्यावयाचें. पुष्कळ वेळां रात्रीं आई येते, आणि एकेक पिल्लूं मानेला धरून घेऊन जाते. एल्सेसाठीं जें काम अॅडमसन दांपत्यास कित्येक महिने करावें लागलें, तें येथें आई एका रात्रींत करते! जीं पिलें खरोखरच निराधार ठरतात, किंवा जीं जनावरें अपंग होतात, त्यांच्यासाठीं जुन्नरजवळ माणिकडोह येथें बिबट्यांचें निवारा केंद्र आहे. तेथील पिंजरा हा नाइलाजाचा उपाय आहे. पहिला उपाय नव्हे.

विचारण्याचे प्रश्न

वरील हकीकतींवरून चार प्रश्न निघतात. पिलास हात लावण्यापूर्वीं ते प्रत्येकानें स्वतःस विचारावेत.

१. तें खरोखर पोरकें आहे काय? हरिणी आपलें पाडस गवतांत लपवून चरावयास जाते, आणि पाजण्यापुरती परत येते. एकटें दिसणारें प्रत्येक पिल्लूं टाकलेलें नसतें. दुरून, निमूटपणें, पुरेसा वेळ पाहिल्याशिवाय निकाल देऊं नये.

२. आपण हें त्याच्यासाठीं करतों कीं आपल्यासाठीं? पिल्लूं गोजिरवाणें असेपर्यंत सर्वांस हवें असतें. मोठें झाल्यावर त्याचें काय, याचें उत्तर आधींच देतां आलें पाहिजे.

३. तें रानांत स्वतःचें पोट भरूं शकेल काय, आणि माणसांपासून दूर राहील काय? दोन्हींचें उत्तर 'नाहीं' असेल, तर त्यास रानांत सोडणें म्हणजे टाकून देणें होय. अशा जनावरास चांगला निवाराच योग्य.

४. जेथें तें राहणार, तेथील माणसांचें व इतर जनावरांचें काय? शेळ्या गमावलेल्या धनगराचें म्हणणें ऐकल्याशिवाय घेतलेला निर्णय दयेचा असला, तरी न्यायाचा होत नाहीं.

पालकांसही आमची एक विनंति आहे. सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें रानटी पशुपक्षी घरीं पाळण्यास मनाई आहे. आणि हा कायदा योग्यच आहे. मुलानें पिल्लूं आणलें तर त्याला रागावूं नका. परंतु गाईचें दूध पाजून घरींही ठेवूं नका. त्या दुधानें पुष्कळ रानटी पिलांचें पोट बिघडतें. जखमी वा निराधार पिलाची वर्दी वनखात्यास द्या, आणि मुलास बरोबर घेऊन जा. आपण उचललेला जीव कोणाच्या हातीं गेला हें त्यालाही कळावें.

गेल्या पावसाळ्यांत आमच्या एका विद्यार्थ्यानें बुलबुलाचें पिल्लूं आणलें होतें. त्याला पिसें फुटलीं होतीं, पण नीट उडतां येत नव्हतें. माणसाचा हात लागला कीं पक्षी पिलास टाकतात, असें त्यानें ऐकलें होतें. म्हणून तें परत ठेवण्यास तो तयार होईना. हा समज बहुधा खोटा असतो, असें आम्हीं त्यास सांगितलें; आणि तें जेथें सांपडलें होतें त्याच जास्वंदीच्या झुडपांत त्याच्याच हातानें ठेवविलें. मग आम्ही सर्व ओसरीवर चिडीचूप बसलों. अर्धा तास गेला. मुलाचे डोळे भरून आले होते. त्यानें पिलास नांवही ठेवलें होतें! इतक्यांत तारेवर एक बुलबुल येऊन बसला. त्याच्या चोंचींत एक अळी होती. तो दोन वेळां ओरडला, आणि झुडपांतून बारीकसें उत्तर आलें.

तो मुलगा कांहीं बोलला नाहीं. घंटा झाल्यावर त्यानें रिकामा रुमाल झाडला, त्याची घडी घातली, आणि तो वर्गांत जाऊन बसला. त्या दिवशीं आम्हीं जो पाठ शिकविणार होतों, तो त्यानें आधींच पाठ केला होता.