वेग वाढविताना होणारा आवाज

मद्रास, म्हणजे आजचे चेन्नई, येथे १९६१ पासून तयार होऊ लागलेल्या ‘स्टँडर्ड हेराल्ड’ मोटारीत पुढील इंजिनाची शक्ती लांब शाफ्ट, युनिव्हर्सल जॉइंट व डिफरन्शियल यांतून मागील चाकांस मिळे. अशा गाडीचा वेग वाढविताना आवाज होऊ लागल्यास प्रथम ती उभी करून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिनाची गती वाढवावी. तोच आवाज आल्यास दोष बहुधा इंजिनाकडे असतो. न आल्यास पुढील भाग तपासावेत. गाडी ओढ घेताच ‘ठक्’ असा आवाज झाला, तर जॉइंट झिजला असण्याचा संभव असतो. घुमणारा आवाज अ‍ॅक्सिलरेटर सोडताच बदलला, तर डिफरन्शियल पाहावा; कारण भाराची दिशा उलटताच दात्यांची दुसरी बाजू दाब घेते. झिजलेला जॉइंट तुटल्यास शाफ्ट रस्त्यावर आपटतो. म्हणून हा लहानसा आवाजही वेळीच ओळखणे हिताचे ठरते.