घोड्यांना कोणी बोलावलं?

मी वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात वाढलेली आर्किटेक्ट. काही वर्षांपूर्वी शहराबाहेरच्या एका पर्यटन केंद्रातलं ‘आदिवासी खेडं’ नव्याने रचायचं काम माझ्याकडे आलं. सिमेंटच्या खोल्या, वर कौलं, आत पुतळे असं ते खेडं होतं. मालकांचं म्हणणं, आत पाऊल टाकताच माणसाला राठवा आदिवासींच्या घरात आल्यासारखं वाटलं पाहिजे. मी उत्साहाने तिकीट खिडकीशेजारची भिंत पिठोऱ्याच्या चित्राच्या छापील पत्र्याने मढवली आणि स्पीकरवर ढोल लावला. छोटा उदेपूरकडचे एक वृद्ध राठवा कारागीर कौलं शाकारायला आले होते. ते त्या भिंतीसमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “बेन, ह्या घोड्यांना कोणी बोलावलं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या दोन वर्षांत जे कळलं ते इथे लिहिते आहे.

१. भिंत कुणाची, ते आधी विचारा.

पिठोरा म्हणजे नवस. घरात आजारपण आलं, गुरं दगावली, मूल होईना, की माणूस बडव्याकडे, म्हणजे पुजाऱ्याकडे, जातो आणि पिठोरा देवाला बोलतो. मग ओसरी आणि आतलं स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत कुमारिका शेणामातीने सारवून पांढऱ्या मातीने पोततात. रंगात दूध आणि मोहाची दारू कालवतात. लखारे, म्हणजे पिठोऱ्याचे चित्रकार, घोडे काढतात. ते घोडे देवांचे, त्यांच्याबरोबर देव घरी येतात. रात्री बडवा एकेक आकृती ओळखून सांगतो, गाणी होतात, बळी आणि जेवण होतं. भिंत अशी वाचून झाल्यावरच पिठोरा पुरा होतो.

मी त्यातलं फक्त चित्र उचललं होतं, तेही चुकीच्या भिंतीवर. आम्ही तो पत्रा उतरवला. नव्या घरात ओसरी आणि स्वयंपाकघरामधली भिंत कुडाची केली, सारवली, पांढरी पोतली आणि कोरी ठेवली. ओसरीच्या दुसऱ्या टोकाला लखारा कापडावर चित्र काढत बसतो. पाहुणे हमखास विचारतात, ही भिंत रिकामी का? मग राठवा तरुण ती गोष्ट सांगतो. माझ्या सगळ्या कामात याहून जिवंत जागा मला साधलेली नाही.

२. अंधाराला घाबरू नका.

राठवा घर म्हणजे कौलांची पडवी खाली उतरलेली, दार बुटकं. वाकून आत जायचं, डोळे सरावायला वेळ द्यायचा, मग हळूहळू कणगी दिसते, चूल दिसते. पहिल्या नकाशात मी दार सात फुटी आणि छतात बारा दिवे दिले होते. दुसऱ्या नकाशात दार बुटकं केलं. ज्यांना वाकणं जमत नाही किंवा जे चाकांच्या खुर्चीतून येतात, त्यांच्यासाठी मागच्या अंगणातून रुंद वाट काढली. दिवे दोनच ठेवले.

३. स्पीकर काढा. ढोल वाजवणारा माणूस जवळच राहतो, त्याला बोलवा आणि मोबदला द्या.

४. गर्दीचं माप खोलीवरून ठरवा.

हे मला आमच्याच गल्लीतल्या तांबेकर वाड्याने शिकवलं. दिवाण भाऊ तांबेकरांचा हा लाकडी वाडा आज पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. वरच्या खोलीच्या भिंतींवर एकोणिसाव्या शतकातली चित्रं आहेत: कृष्णकथा, महाभारत, मराठे आणि इंग्रज यांची लढाई. लहानपणी तिथे चार-पाच जणी गेलो, की चित्रातली माणसं आपल्यात मिसळल्यासारखी वाटत. वर्गाची सहल घेऊन गेले तेव्हा मुलांना एकमेकांच्या पाठीच दिसल्या. शिवाय गर्दीच्या श्वासाची ओल आणि धक्के जुन्या रंगाला सोसत नाहीत. राठवा घरात आम्ही एका वेळी दहाच माणसं सोडतो. मालकांशी यावरून खूप वाद झाला. बाहेर मोहाच्या झाडाखाली बाजा टाकल्या, तेव्हा तो मिटला. थांबलेले लोक तिथे गप्पा मारत बसतात.

५. सारवणाचा खर्च पहिल्या दिवशीच धरा.

मुलीकडे अमेरिकेला गेले होते तेव्हा हवाईतल्या लाइए गावचं पॉलिनेशियन कल्चरल सेंटर मुद्दाम पाहिलं. १९६३ पासून चालू आहे. सामोआ, टोंगा, फिजी, ताहिती, हवाई, आओतेआरोआ (न्यूझीलंड) अशा बेटांची गावं तिथे मांडली आहेत. सामोअन घराला, म्हणजे फालेला, भिंतीच नसतात, खांबांवर छप्पर असतं. त्याखाली बसलं की वारा अंगावरून जातो आणि ते लोक कसे राहत असतील ते न सांगता कळतं. नारळ सोलून दाखवणारी, नाचणारी मुलंमुली बऱ्याच अंशी शेजारच्या विद्यापीठात शिकणारी आहेत, कितीतरी जण त्याच बेटांवरून आलेले. त्या कामातून त्यांचं शिक्षण निघतं. घर बांधणं आणि घर चालवणं हा तिथे एकच हिशेब आहे.

आपल्याकडे उद्घाटनापर्यंत पैसा असतो, पहिल्या पावसानंतर नसतो. शेणामातीची भिंत दरवर्षी हात मागते. मी आता सारवणाऱ्या बायकांची मजुरी अंदाजपत्रकात लिहिल्याशिवाय नकाशावर सही करत नाही.

६. जवळचं आधी पाहा.

वडोदऱ्याहून सुमारे ९० किलोमीटरवर तेजगढला आदिवासी अकादमी आहे. गणेश देवी यांनी १९९६ साली वडोदऱ्यात सुरू केलेल्या ‘भाषा’ संस्थेचं ते काम. तिथल्या ‘वाचा’ संग्रहालयात वस्तू कशा मांडायच्या आणि त्यांच्याबद्दल काय सांगायचं, हे आदिवासी तरुणांनी स्वतः ठरवलं. जवळच्या कोराज डोंगरावर प्राचीन शैलचित्रं आहेत. मी नकाशा काढायच्या आधी तिथे जायला हवं होतं, गेले नंतर.

ते वृद्ध कारागीर दर दिवाळीआधी कौलं फेरायला येतात. ओसरीत बसून चहा घेतात. मधली भिंत अजून पांढरीच आहे.