खत, व्याज आणि ऋणकोचें रक्षण

कर्ज काढणें हें पाप नव्हे. पेरणीच्या वेळीं घरांत बीं नसेल तर कुणब्यानें हात पसरूं नये काय? आजच्या पाठांत आम्ही सावकारीच्या एका जुन्या युक्तीचा विचार करणार आहों. ती समजल्यावांचून ऋणकोच्या रक्षणार्थ झालेले कायदे समजत नाहींत.

सन 1859 च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या खतावर दावा करण्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. ऋणकोस आधार व्हावा हा हेतु, झालें उलट. मुदत संपत आली कीं सावकार नवें खत लिहून घेई व तोंवरचें व्याज त्यांत मुद्दल म्हणून घाली. पाटीवर मांडून पाहा. कर्ज 100 रुपये, व्याज दरमहा शेकडा 2 रुपये. तीन वर्षांचें व्याज 72 रुपये, म्हणून नवें खत 172 रुपयांचें. आणखी तीन वर्षांनीं तें 295 रुपये 84 पैसे, आणि नवव्या वर्षाअखेर 508 रुपयांहून अधिक. मध्यंतरीं ऋणकोनें एक पैसाहि नवा घेतलेला नाहीं! मुद्दलाहून अधिक व्याज एका वेळीं मागूं नये, हा दामदुपटीचा नियम आपल्याकडे पूर्वापार आहे. पण खत बदललें कीं व्याजच मुद्दल होई, आणि नियम बिचारा हात जोडून उभा राही.

12 मे 1875 रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें लोक सावकारांवर उठले, तेव्हां त्यांचा रोख मुख्यतः खतांवर होता. पुणें व नगर जिल्ह्यांतील इतर गांवींहि तसेंच घडलें; कागद मुकाट्यानें हातीं आले तेथें मारहाण क्वचितच झाली. दंगा आम्हांस मान्य नाहीं. तथापि दुखणें कोठें होतें हें त्या अडाणी म्हटलेल्या लोकांनीं अचूक ओळखलें होतें. नहेम्याचा 5 वा अध्याय काढून वाचा. तेथेंहि शेतें व घरें गहाण पडलीं होतीं, आणि नहेम्यानें नुसती कानउघाडणी न करितां तीं परत करविलीं.

दंग्यानंतर सरकारनें चौकशी केली व 1879 साली दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला. तो प्रथम पुणें, सातारा, सोलापूर व नगर या जिल्ह्यांस लागू होता. त्याचें मर्म हें कीं, न्यायाधीशानें खतावरील आंकड्यावर न थांबतां व्यवहाराच्या आरंभापर्यंत मागें जावें, मुद्दल व व्याज वेगळालीं मांडावीं, आणि व्याजाचें झालेलें मुद्दल सहसा धरूं नये. कर्जासाठीं शेतकऱ्यास तुरुंगांत टाकणेंहि बंद झालें. एक दार लागतांच कित्येक सावकारांनीं दुसरें उघडलें: गहाणाऐवजीं खरेदीखत लिहून घ्यावें, आणि 'पैसे फेडल्यावर शेत परत देईन' असें तोंडीं सांगावें. आमच्या मतें ही युक्ति पहिलीहून वाईट, कारण हींत हिशेबच राहत नाहीं.

ती अद्याप मेलेली नाहीं. म्हणून महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम, 2014 यांतील तरतूद प्रत्येक उपदेशकास ठाऊक असावी. सावकारीच्या ओघांत बळकावलेली जमीन 15 वर्षांच्या आंतील असेल, तर जिल्हा निबंधक चौकशी करून ती परत देववूं शकतो. परवान्यावांचून सावकारी करणाऱ्यास 5 वर्षांपर्यंत कैद आहे. चक्रवाढ व्याज घेतां येत नाहीं, रकमेची जागा कोरी ठेवून सही घेतां येत नाहीं, आणि मिळालेल्या प्रत्येक हप्त्याची पावती द्यावी लागते.

मोबाईलवरील कर्जांविषयीं थोडेंच सांगतों. 2022 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे कीं, अशा कर्जाची रक्कम थेट ऋणकोच्या खात्यांत यावी, व सर्व आकार धरून वर्षाचा दर त्यास आधीं लेखी कळवावा.

जमिनीच्या अर्जासोबत खरेदीखताची नक्कल, सातबाऱ्याचा उतारा व फेडीचा जो कांहीं लेखी पुरावा हातीं असेल तो जोडावा. व्यवहाराच्या वेळीं कोण हजर होतें त्यांचीं नांवेंहि लिहावीं, आणि अर्ज दिल्याची पोंच मागून घ्यावी.