चित्र छापावयाचे की पडद्यावर पाहावयाचे?

स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे मागविली की पैनगंगेच्या अलीकडून-पलीकडून, आदिलाबादेतून तशीच यवतमाळ-नांदेडाकडूनही ती येऊ लागतात. बहुतेक येतात व्हॉट्सॅपवरून. पडद्यावर ती झकास दिसतात. छापली की मात्र आजोबांचा चेहरा पुसट होतो. असे का होते, हे विश्वस्त व सभासद कुटुंबांनी एकदा समजून घ्यावे म्हणून हा लेख.

आपल्या देवघरांतील लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी आठवाव्यात. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईस काढलेल्या छापखान्यात प्रत्येक रंगासाठी निराळा दगड लागे. पुढे जस्ताचे ब्लॉक आले. सही किंवा मुद्रेसाठी लाइन ब्लॉक, छायाचित्रासाठी हाफटोन. वर्तमानपत्राच्या खरखरीत कागदास इंचाला ६५ रेषांची जाळी पुरे; आर्ट पेपरास १२० किंवा १३३ लागे. म्हणून कागद कोणता, हे आधी ठरवावे लागे. आज ब्लॉकाच्या जागी फाइल आली, तरी तो विचार चुकत नाही.

जेपेग ही १९९२ सालची पद्धत छायाचित्रांसाठीच निघाली. ती चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडते व डोळ्यास सहसा न जाणवणारा तपशील टाकून देते. फाइल त्यामुळे आटोपशीर होते. पण टाकलेले परत येत नाही, आणि बदल करून पुन्हा जतन केले की आणखी थोडे जाते. मुद्रा, नकाशा, देवनागरी अक्षरे यांस ती मानवत नाही. मात्रा-वेलांट्यांभोवती करडी धूळ दिसू लागते. अशा कामी पडद्यासाठी पीएनजी वापरावी. ती काहीच टाकीत नाही. छपाईसाठी संस्थेची मुद्रा रेषांच्या रूपात, म्हणजे एसव्हीजी किंवा पीडीएफमध्ये, ठेवावी. मग ती पाकिटावर छापा वा फलकावर, कडा रेखीवच राहतात.

छपाईस इंचाला ३०० ठिपके हवेत, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. मोबाइलच्या चित्रात लांबीला ४००० ठिपके असले तर ते तेरा इंचांपर्यंत छापता येते. तेच पाठविताना १६०० वर आले तर सव्वापाच इंचांतच संपते. म्हणून चित्र पाठवावयाचे ते व्हॉट्सॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून, अथवा ई-मेलने. मूळ जेपेग चांगली असेल तर छापखान्यास ती चालते. तिची उगाच टिफ करून गेलेला तपशील परत येत नाही. टिफचे खरे काम जुन्या फोटोंसाठी. घरात दोन इंची एकच प्रत उरली असेल तर मोबाइलने तिचा फोटो काढून भागवू नये. ६०० ठिपक्यांनी स्कॅन करून टिफमध्ये ठेवावी. ती छापताना चार इंच करता येते, आणि कागद पिवळा पडला तरी चेहरा राहतो.

राहता राहिले रंग. पडदा लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशाने रंगतो, छापखाना निळसर, किरमिजी, पिवळ्या व काळ्या शाईने. दंडारीतील गुसाडीच्या मोरपिसांच्या टोपाचे निळे-हिरवे तेज पडद्यावर जसे दिसते तसे शाईत उतरत नाही. काहीसे मंद होतेच. त्यात मुद्रकाचा दोष नाही. तरी रंगीत पाने असतील तर एक पान आधी छापून पाहावे, व ते उन्हात नेऊन पाहावे. ट्यूबलाइटखाली रंग निराळा भासतो.